त्यानं नेमकं कुठलं बटण दाबलं होतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही चाकणच्या एका मशिन शॉपमध्ये लाइन इन्चार्ज आहात, वय 28, डिप्लोमा झालेला, हाताखाली चाळीसेक माणसं. मंगळवारी सेकंड शिफ्टला एका ट्रेनी पोरानं सीएनसी लेथवर, म्हणजे आकड्यांवर चालणाऱ्या लेथवर, चुकीचा ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) मारला, टरेट म्हणजे टूल धरणारं डोकं चकवर, जॉब पकडणाऱ्या जबड्यांवर, आदळलं आणि मशीन बंद पडलं. तुम्ही त्याला सगळ्या लाइनसमोर झाडलं. तेव्हापासून पोरगा कामावर आलेला नाही. साहेब म्हणतात, तू अजून कडक व्हायला पाहिजेस. बायको म्हणते, तू घरातही शॉपवरच्यासारखाच बोलतोस. आणि तुमचं म्हणणं असं की राग वाईट, राग वाईट हे सगळेच सांगतात, पण चार शब्द चढवल्याशिवाय माणसं हलत नाहीत त्याचं काय करायचं?

मी आधी भोसरी आणि मग चाकण मिळून 31 वर्षं या धंद्यात काढली. ऑपरेटर, सेटर (मशीन जुळवून देणारा), सुपरवायझर आणि शेवटची 9 वर्षं प्रॉडक्शन मॅनेजर. त्यातली पहिली पंधरा वर्षं मी शॉपवरचा सगळ्यात तापट माणूस होतो आणि मला त्याचा अभिमान होता. मी शेडमध्ये शिरलो की चहाच्या टेबलाभोवतीची गर्दी पांगायची, आणि मला वाटायचं याला म्हणतात वचक. तेव्हा हे उत्तर साधूसंताचं नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही लिहिलंय ‘चुकीचा ऑफसेट मारला’. कुठल्या पानावर मारला? वेअरच्या की जॉमेट्रीच्या? ‘इनपुट’ दाबलं की ‘प्लस इनपुट’?

बहुतेक हे तुम्हाला माहीत नसणार. लेथवर काम न केलेल्यांसाठी सांगतो, ही दोन पानं स्क्रीनवर जुळ्या भावांसारखी दिसतात. तेच रकाने, तेच टूल नंबर. जॉमेट्रीच्या पानावर टूल नेमकं कुठं आहे तो मोठा आकडा असतो, समजा उणे 182.640. वेअरच्या पानावर इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजेल तसे आपण जे बारीक फरक देत जातो ते असतात, 0.020, 0.035 असे. ‘प्लस इनपुट’ दाबलं तर टाकलेला आकडा जुन्या आकड्यात मिळवला जातो. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसून नवा बसतो. आता पोरगा चुकून जॉमेट्रीच्या पानावर असेल आणि त्यानं 0.020 टाकून ‘इनपुट’ दाबलं असेल, तर मशीनच्या लेखी ते टूल एका क्षणात 182 मिलीमीटर सरकलं. सायकल स्टार्ट केलं की टरेट रॅपिडनं, म्हणजे पूर्ण वेगानं, येतो आणि जे मध्ये असेल त्यावर बसतो. लाल बटणापर्यंत हात जाईस्तोवर सगळं झालेलं असतं.

हे माझ्यासमोर दोनदा झालंय आणि एकदा माझ्याच हातून झालंय. तेव्हा मी ट्रेनी नव्हतो, सहा वर्षं जुना सेटर होतो.

यावर उपाय आहे. बहुतेक कंट्रोलरमध्ये वेअर ऑफसेटला कमाल मर्यादा घालता येते, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा मोठा आकडा मशीन घेतच नाही. जॉमेट्रीचं पान ऑपरेटरला कुलूपबंदही करता येतं. मेंटेनन्सच्या माणसाला दहा मिनिटांचं काम. पण ते करायचं हे सुचायला आधी पोरानं कुठल्या पानावर काय दाबलं ते कळायला हवं. ते फक्त त्या पोराला माहीत होतं, आणि घटनेनंतरची पंधरा-वीस मिनिटं ते त्याच्या डोक्यात ताजं होतं. त्या पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही ओरडत होतात.

राग वाईट की चांगला या वादात मला रस नाही. माझी तक्रार साधी आहे. राग आला की समोरच्याकडची माहिती आपल्यापर्यंत यायची थांबते, आणि शॉपवर माहिती हाच खरा माल असतो. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याइतकं त्या चुकीबद्दल कुणालाच माहीत नसतं. त्याचंच तोंड आपण पहिल्यांदा बंद करतो.

मी एकाचं तोंड कसं बंद केलं होतं ते सांगतो. भोसरीत असताना आमच्याकडे एक कास्ट आयर्नचा पीस चालायचा. बोअर, म्हणजे आतलं भोक, 35 मिलीमीटर, टॉलरन्स (चालणारा फरक) एच-7, म्हणजे शून्य ते प्लस 25 मायक्रॉन; हजार मायक्रॉनचा एक मिलीमीटर. भोसरी-पिंपरीकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते हे तुम्हाला माहीत आहेच. तर दर शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला पहिले आठ-दहा पीस आउट, म्हणजे मापाबाहेर, जायचे. मशीनवर एक मामा होते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, बीडकडचे. मी सात-सव्वासातला राउंडला जायचो, बोअर मोजायचं एअर गेज बघायचो आणि सुरू व्हायचो. सुट्टीच्या दिवशी काय करता, झोप झाली नाही का, लक्ष कुठं असतं. मामा मान खाली घालून ऐकायचे. आणि नऊ वाजेपर्यंत बोअर मापात यायचा. दर शुक्रवारी. माझी पक्की समजूत झाली की मामांना आठवड्यातून एकदा डोस लागतो, डोस दिला की काम चोख होतं. एका नव्या सुपरवायझरला मी हे शिकवलंसुद्धा होतं, ‘शुक्रवारी सकाळी मामाला जरा घे’ म्हणून.

एका शुक्रवारी मी साडेनऊला पोचलो, घरी काही काम होतं. सकाळी पीस आउट गेले होते आणि नऊला मापात आले होते. मी नव्हतो, डोस कुणीच दिला नव्हता. तेव्हा कुठं मी मामांना नीट विचारलं. ते म्हणाले, ‘साहेब, मशीन गार असतं ना. गुरुवारभर बंद. तास-दीड तास चाललं की गरम होतं आणि माप धरतं.’ किती दिवस माहीत आहे, विचारलं. दोन वर्षं. मग बोलला का नाहीत? ‘बोलायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणता, उलटं बोलू नका.’

खरंच म्हणायचो मी असं. ते वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलेलं होतं की मला ते ऐकूही येत नसे.

स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि बॉल स्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) गार असताना आणि तापल्यावर मापात पंधरा-वीस मायक्रॉनचा फरक सहज पडतो. 25 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये हा फरक म्हणजे जवळपास सगळी जागा खाल्ली. आम्ही वॉर्म-अप प्रोग्रॅम केला. शुक्रवारी वॉचमननं साडेसहाला मशीन ऑन करायचं, ऑपरेटरनं आल्या आल्या वीस मिनिटं स्पिंडल नुसता फिरवायचा, मग पहिला पीस लावायचा. संपलं. दोन वर्षांत शंभरेक शुक्रवार होतात. शंभर शुक्रवार मी एका मशीनच्या तापमानावर ओरडत होतो, आणि ते ऐकणारा माणूस मात्र हाडामांसाचा होता.

तुम्ही म्हणता ना की रागावल्यावर माणसं हलतात, त्यातला बराच भाग असाच असतो. आपण रागावतो कधी? सगळं फारच बिघडलेलं असतं तेव्हा. आणि फार बिघडलेली गोष्ट पुढच्या खेपेला बहुधा आपोआपच थोडी बरी होते, कारण रोज सगळ्यात वाईट दिवस नसतो. श्रेय मात्र आपण ओरडण्याला देतो. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञानं हेच इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांमध्ये पाहिलं होतं. तिथला एक अनुभवी प्रशिक्षक त्याला म्हणाला, शाबासकी दिली की पोरं पुढच्या वेळी बिघडवतात आणि झापलं की सुधारतात, तेव्हा आम्हाला शाबासकीचं काही सांगू नका. कानेमनच्या लक्षात आलं की उत्तम उड्डाणानंतर साधारण उड्डाण येणार आणि वाईटानंतरही साधारणच येणार. प्रशिक्षक काही बोलला नसता तरी हेच झालं असतं. ज्यांनी एसपीसी चार्ट, म्हणजे मापांच्या चढउताराचा तक्ता, भरलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. तो चार्ट आपण बोअरसाठी रोज भरतो, स्वतःच्या तोंडासाठी कधीच भरत नाही.

आता दुसरी बाजू. रागानं माणसं हलत नाहीत असं नाही. हलतात, पण ती लपवायला हलतात.

आमचा भंगारवाला एकदा चिप्सची, म्हणजे लोखंडाच्या किसाची, गाडी भरून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. हातात पोतं. म्हणाला, साहेब, चिप्समध्ये तुमचा माल निघाला. 14 पीस होते. मशिनिंग झालेले, बोअर आउट गेलेले, ट्रॉलीत चिप्सच्या खाली नीट दडपलेले. रिजेक्शनच्या लाल डब्यात त्या महिन्यात सगळे मिळून 6 पीस होते आणि मी मीटिंगमध्ये त्या सहाचा आकडा मोठ्या ऐटीत दाखवला होता. कुणी टाकले हे मी शोधलं नाही. तोपर्यंत मामांचा शुक्रवार होऊन गेला होता, थोडी अक्कल आली होती. लाल डबा असताना चिप्सखाली पीस दडपायची वेळ माणसावर का येते, हे मला कळायला लागलं होतं. लाल डबा माझ्या केबिनच्या वाटेवर होता.

अशा वेळी आमच्याकडे कागदावरही रागच उतरतो, फक्त इस्त्री केलेल्या भाषेत. कस्टमरकडून तक्रार आली की आपण व्हाय-व्हाय लिहितो, म्हणजे पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण शोधायचा कागद. पाचव्या ‘का’पर्यंत कोण जातो? दुसऱ्यालाच ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि कृतीच्या रकान्यात ‘संबंधित ऑपरेटरला समज दिली’. ही ‘समज दिली’ मी स्वतः किती वेळा लिहिली असेल देव जाणे. काय समजलं, कुणाला समजलं, कुणीच विचारत नाही. दोन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा येते, फक्त ऑपरेटर दुसरा असतो.

शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरला 1961 साली यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात हेच दिसलं. तिथं एक छोटा स्विच जोडायचे. दोन बटणं, प्रत्येकाखाली एक स्प्रिंग. कधीकधी एक स्प्रिंग घालायची राहून जायची. मग कामगारांना झापायचे, काही दिवस सगळं सुरळीत चालायचं, की पुन्हा राहायची. शिंगोनं एक बशी आणायला सांगितली. आधी दोन स्प्रिंगा मोजून बशीत ठेवायच्या, मग जोडायला घ्यायचं. जोडून झाल्यावर बशीत एक उरली तर चूक तिथल्या तिथं दिसते. बशीला किती पैसे लागतात?

अशा युक्त्यांना तो आधी ‘बाका-योके’ म्हणायचा. बाका म्हणजे मूर्ख, म्हणजे मूर्खाकडूनही चूक होणार नाही अशी सोय. 1963 मध्ये एका कारखान्यात ते नाव ऐकून एका कामगार बाईला रडू कोसळलं, मी काय मूर्ख आहे का म्हणून. तेव्हापासून त्यानं नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे अनवधानानं झालेली चूक. आज आपल्या प्रत्येक लाइनवर पोका-योकेचा बोर्ड आहे आणि त्या बोर्डाखाली उभं राहून आपण पोरांना मूर्ख म्हणतो.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. ओरडणं नेहमीच चूक नसतं. मधली दोन वर्षं मी प्रेस शॉपला होतो. पॉवर प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात, ती एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, कारण हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, राहायला नको. एकदा बघतो तर एका मशीनवर एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं, आणि पोरगा एका हातानं बटण मारतोय, दुसऱ्या हातानं पीस काढतोय. मी जोरात ओरडलो, ‘थांब!’ ते ओरडणं बरोबर होतं, बोटं वाचवण्यासाठी आवाज चढवायचाच असतो. त्यानंतरची दहा मिनिटं मी जे बोललो ते मात्र निव्वळ राग होता. त्याचा उपयोग एवढाच झाला की पुढच्या आठवड्यापासून माझं हेल्मेट लांबून दिसलं की काडी खिशात जायची.

महिनाभरानं एका जुन्या माणसाच्या सांगण्यावरून मी घड्याळ लावून त्या मशीनजवळ बसलो. टार्गेट होतं तासाला 600. दोन्ही हातांनी बटणं मारून, चिमट्यानं पीस काढून 480 च्या वर जाताच येत नव्हतं. टार्गेटच्या शीटवर सही माझी होती. त्या पोरानं काडी माझ्या सहीमुळे लावली होती. टार्गेट खाली आणायला मला वर जाऊन भांडावं लागलं, आणि हो, तिथंही मी चिडलोच. पण निदान योग्य मजल्यावर चिडलो.

हा मजल्यांचा भाग तुमच्या बाबतीतही तपासा. त्या मंगळवारी दुपारी काय झालं होतं? डिस्पॅचसाठी कस्टमरचे फोन येत होते का? साहेबांनी काही सुनावलं होतं का? येताना तळेगाव चौकात तासभर अडकला होतात का? पर्चेसच्या माणसावर, साहेबावर, ट्रॅफिकवर आपल्याला चिडता येत नाही. चिडता येतं ते बावीस वर्षांच्या कंत्राटी पोरावर, जो उलट बोलणार नाही. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. मी एकदा महिनाभर डायरीत लिहून ठेवलं होतं, कुणावर चिडलो आणि त्याआधी दोन तासांत काय झालं होतं. त्या यादीत माझ्या वरच्या पदाचा एकही माणूस नव्हता. म्हणजे ‘राग अनावर झाला’ ही थाप होती. साहेबासमोर तो व्यवस्थित आवरत होता की.

बायको म्हणते त्यावर मी काय सांगणार? माझी पण हेच म्हणायची. शॉपवरचा आवाज घरी नेऊ नका एवढंच म्हणेन. भाजीत मीठ कमी पडलं तर व्हाय-व्हाय करायचं नसतं.

साहेब म्हणतात कडक हो. व्हा की. पण कडक आणि तापट या दोन वेगळ्या जाती आहेत. फर्स्ट पीस अप्रूव्हलशिवाय, म्हणजे पहिला पीस मोजून पास झाल्याशिवाय, लॉट सुरू होणार नाही म्हणजे नाही, डिस्पॅचची गाडी दारात उभी असली तरी नाही, याला कडक म्हणतात. तापट माणूस आरामाच्या दिवशी सगळं चालवून घेतो आणि गाडी उभी असली की फुटतो. पोरांना कडक माणूस चालतो, कारण तो उद्या कसा वागेल ते आज माहीत असतं. मी पाहिलेला सगळ्यात कडक सेटर आवाज चढवायचाच नाही. मायक्रोमीटर पुढं करायचा आणि म्हणायचा, ‘तू मोज, मी बघतो.’ घाम फुटायचा आम्हाला.

रोजच्या कामात मला उपयोगी पडलेल्या दोनच गोष्टी सांगतो. राग आला की दहा आकडे मोजा म्हणतात, मी पीस मोजायचो. खरंच. बोलण्याआधी पीस हातात घ्यायचा, पुसायचा, गेज लावायचं, आकडा लिहायचा. यात दोन-तीन मिनिटं जातात आणि बऱ्याचदा त्या आकड्यातच उत्तर असतं. दुसरी गोष्ट शब्दांची. ‘असं का केलंस?’ हा आपल्या भाषेत प्रश्नच नाही, ती शिवी आहे. लहानपणापासून त्यावर एकच उत्तर शिकवलंय, मान खाली घालणं. त्याऐवजी ‘हे कसं झालं, जरा दाखव’ म्हणा. दाखव म्हटलं की माणूस मशीनकडे वळतो, हात चालायला लागतात आणि हातांबरोबर तोंडही. ‘का’ सोडून ‘कसं’वर यायला मला दोनेक वर्षं लागली, आणि अजूनही घाईत जुना ‘का’ तोंडातून निसटतो.

राहिला तुमचा पोरगा. चाकणमध्ये दर दुसऱ्या गेटवर ‘ऑपरेटर पाहिजे’चा बोर्ड लटकलेला असतो, उद्या तो कुठंही लागेल. त्याला तुम्ही तीन महिने शिकवलंत ते तिसऱ्याच्या कामी येईल, आणि त्यानं काय दाबलं होतं तेही त्याच्याबरोबर जाईल. फोन तुम्ही स्वतः करा. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला किंवा एचआरला करायला लावू नका, त्यांच्या फोनला पोरं हिशोबाचा फोन समजतात. माफीचं भाषण नको. ‘मंगळवारी मी जास्त बोललो. मशीन सुरू करायचंय, तू ये’ एवढं पुरे. झाडलं सगळ्यांसमोर होतंत, तेव्हा त्यातलं पहिलं वाक्य शिफ्ट सुरू होतानाच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर पुन्हा म्हणा. जड जाईल. मला गेलं होतं.

सर्व्हिस इंजिनिअर डायल लावून टरेटचं अलाइनमेंट बघेल तेव्हा पोराला त्याच्या शेजारी उभं करा. दिवसभर उभा राहू दे, प्रॉडक्शन गेलं तरी जाऊ दे. मशीन आतून कसं असतं ते त्यानं बहुधा पहिल्यांदाच बघितलेलं असेल. मग स्क्रीन चालू करा, ऑफसेटचं पान काढा, स्वतः एक पाऊल मागं सरका आणि म्हणा, मंगळवारी काय काय केलंस ते जसंच्या तसं दाखव. फक्त सायकल स्टार्टला हात लावू नको.